नगररचनेची परिभाषा आणि नागरिकाची हरकत

परिभाषेचा विचार करताना आपण भाषाभ्यासक बहुधा दोन कसोट्या लावतो. शब्द नेमका आहे का, ही पहिली. आणि तो भाषेच्या प्रकृतीस मानवतो का, ही दुसरी. शासनव्यवहारातील परिभाषेस तिसरीही एक कसोटी लावावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या माणसाचे हित अथवा अहित त्या शब्दामुळे व्हावयाचे आहे, त्याला तो शब्द वाचून ते कळते काय? नगराच्या विकास योजनेपुरता या कसोटीचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या योजनेचे स्वरूप थोडक्यात पाहू. नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात 1915 साली झाला. 1954 च्या कायद्याने विकास योजना तयार करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले, आणि आज महाराष्ट्रात 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. त्यानुसार प्रथम नगरातील प्रत्येक जमिनीचा आज कोणता वापर होत आहे याचा नकाशा तयार होतो. पुढील सुमारे वीस वर्षांची लोकसंख्या अंदाजून रस्ते, शाळा, बाजार, उद्याने, रुग्णालये यांसाठी जागा ठरविल्या जातात. असे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविण्यात येतात. त्यांसाठी मुदत असते. नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आणि शेवटी योजना राज्य शासनाच्या मंजुरीस जाते. या साऱ्या क्रमात सामान्य नागरिकाला बोलण्याची जागा एकच, ती म्हणजे हरकतीची. ती एकदा हुकली की पुढील दोन दशके नकाशा बोलतो आणि माणूस ऐकतो. तेव्हा त्या मोजक्या दिवसांत प्रारूप वाचून समजणे, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

आता काही शब्द तपासू. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा त्यांतील सर्वांत प्रचलित आणि बहुधा सर्वांत फसवा. सर्व मजल्यांच्या बांधकामाचे एकूण क्षेत्र भूखंडाच्या क्षेत्राने भागिले असता येणारी संख्या म्हणजे हा निर्देशांक. यात चटईचा संबंध कोठून आला? सदनिकेच्या खरेदीविक्रीत ‘कार्पेट एरिया’ नावाची वेगळी कल्पना आहे. बाहेरच्या भिंती वगळून आत जी प्रत्यक्ष वापराची जमीन उरते, तिचे ते माप; 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने त्याची व्याख्याही केली आहे. मराठीत त्यालाही ‘चटई क्षेत्र’च म्हणतात. म्हणजे एकच शब्द दोन भिन्न मापांस लागला. त्यामुळे निर्देशांक वाढला म्हणजे आपल्या खोल्या मोठ्या होणार, अशी समजूत करून घेणारे सुशिक्षित गृहस्थही भेटतात. वस्तुतः वाढते ते त्या भूखंडावरील एकूण बांधकाम, आणि बहुधा त्याबरोबर तेथील माणसे. ‘मजला क्षेत्र निर्देशांक’ हा पर्याय अधिक सरळ होता. तो काही ठिकाणी आढळतोही, पण रुळला नाही.

माणसे वाढतात म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, 500 चौरस मीटरचा भूखंड आहे आणि निर्देशांक 1.1 आहे. एकूण 550 चौरस मीटर बांधकाम होईल. प्रत्येक बिऱ्हाडास 55 चौरस मीटर धरले तर दहा बिऱ्हाडे, आणि बिऱ्हाडी साडेचार माणसे धरली तर पंचेचाळीस माणसे. भुयारी गटारे असलेल्या नगरात दरमाणशी दररोज 135 लिटर पाणी हे केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतील मान होय. त्या हिशेबाने रोज सुमारे सहा हजार लिटर पाणी झाले. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दरमाणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. म्हणजे या पंचेचाळीस माणसांना किमान 450 चौरस मीटर मोकळी जागा हवी, जवळजवळ मूळ भूखंडाएवढीच! निर्देशांक 2.2 केला की पाणी बारा हजार लिटर आणि मोकळी जागा 900 चौरस मीटर लागते. समोरचा रस्ता मात्र होता तेवढाच राहतो. मुंबईत मोकळ्या जागेचे प्रमाण सुचविलेल्या मानाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, हे सर्वश्रुत आहे. निर्देशांक ही गणिताची संख्या दिसते. परंतु तिच्या पोटात नळ, गटार, शाळेचे वर्ग आणि मुलांचे खेळ एवढे सगळे असते. ‘चटई’ या शब्दाने यांतील एकही गोष्ट सुचत नाही.

दुसरा शब्द ‘आरक्षण’. नकाशावर एखादी जमीन ‘उद्यानासाठी आरक्षित’ असे लिहिलेले असते. ‘आरक्षित’ हे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आहे, आणि मराठी वाचक त्याचा अर्थ ‘राखून झालेली’ असा घेतो. आगगाडीतील आरक्षित जागा आपलीच असते, तद्वत हे उद्यान आपले झाले असे त्यास वाटते. प्रत्यक्षात जमीन अद्याप मूळ मालकाचीच असते. स्थानिक संस्थेने ती पुढे संपादन करावयाची असते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत तसे झाले नाही, तर मालक संस्थेस सूचना देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण ‘व्यपगत’ होते. हे सर्व 1966 च्या अधिनियमाच्या 127 व्या कलमात आहे. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवू नये, हा त्या कलमाचा हेतू न्याय्यच आहे. परंतु शेजारच्या इमारतीत उद्यानाच्या भरवशावर घर घेतलेल्या माणसास ‘व्यपगत’ या शब्दावरून काय बोध व्हावा? ‘आरक्षण सुटले’ असे लोक म्हणतात आणि ते अगदी बरोबर म्हणतात. ‘संपादन व्हावयाचे’ एवढे दोन शब्द नकाशावर पुढे जोडले असते, तरी पुष्कळ भ्रम टळला असता.

सर्वांत गंभीर उदाहरण पूररेषेचे आहे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, आणि दोन रेषांच्या मधील पट्ट्यात निर्बंधांसह परवानगी, असा ढोबळ नियम आहे. आता ‘वर्षांतून एकदा’ ही मराठीतील रचना पाहा. ‘वर्षातून एकदा वारी’, ‘बारा वर्षांतून एकदा सिंहस्थ’. या रचनेत नियमित आवर्तनाचा अर्थ आहे. एकदा सिंहस्थ झाला की पुढील अकरा वर्षे तो नाही. साहजिकच ‘शंभर वर्षांतून एकदा’ वाचणारा मनात म्हणतो की, मोठा पूर आमच्या वडिलांनी पाहिला, आता पुढचा नातवंडे पाहतील. जलशास्त्रज्ञास मात्र आवर्तन अभिप्रेतच नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढेच त्याचे म्हणणे असते. गतवर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. याच हिशेबाने लाल रेषेवर तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला त्या अवधीत असा पूर पाहावा लागण्याची शक्यता शेकडा 26 येते. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षे राहणाऱ्यास ती शेकडा 64 येते. हे आकडे नोटिशीत छापले, तर त्या पट्ट्यातील घर घेताना माणूस निश्चितच दोनदा विचार करील. येथे चूक कोणाच्या हेतूची नाही. ‘तून एकदा’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या रचनेची आहे.

नदीची ही गोष्ट, तर लहान प्रवाहांची आणखी निराळी. ‘ओढा’ आणि ‘नाला’ हे शब्द ग्रामीण मराठीत फारसे दूरचे नाहीत. दोन्ही नैसर्गिक प्रवाहच. परंतु शहरात ‘नाला’ शब्दावर ‘गटार’ या अर्थाची गडद छटा चढली आहे. दर उन्हाळ्यात ‘नालेसफाई’च्या बातम्या येतात, ‘ओढेसफाई’ हा शब्द कोणी ऐकला आहे काय? गटार हे माणसाने बांधलेले, तेव्हा ते वळविता येते, अरुंद करता येते, वर फरशी टाकून झाकता येते. ओढ्याला मात्र त्याचे पाणलोट क्षेत्र असते. वर पाऊस किती पडला हे तो विसरत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबील ओढा पुण्याच्या वस्तीत घुसला. त्या रात्रीच्या पावसाने व पुराने शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. शब्दामुळे पूर आला असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. परंतु प्रवाहाच्या काठापासून ठराविक अंतरात बांधकाम करू नये, या नियमाची अंमलबजावणी करताना समोर आहे तो प्रवाह की गटार, हे आधी ठरावे लागते. आणि हा निर्णय पुष्कळदा नकाशावरील एका शब्दाने आधीच होऊन गेलेला असतो.

एका लहान नगरपालिकेत प्रारूप योजनेचे नकाशे भिंतीवर लाविले होते, तेव्हाचा प्रसंग आठवतो. एक वृद्ध शेतकरी बराच वेळ नकाशा न्याहाळून तेथील तरुण कर्मचाऱ्यास म्हणाले, “दादा, पाणंद कुठंशी हाय ह्यात?” कर्मचाऱ्याला पाणंद ठाऊक नव्हती, वृद्धास ‘बारा मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता’ ठाऊक नव्हता. दोघेही नकाशावरील एकाच रेघेविषयी बोलत होते. हरकतीचा अर्ज अर्थातच झाला नाही.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. 1914 पासून त्यांनी हिंदुस्थानातील अनेक नगरे पायी हिंडून पाहिली, आणि 1919 साली ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. त्या पाहणीत शब्दांचीही पाहणी यावी, एवढीच भर आपण घालू शकतो. गावठाण, गायरान, पाणंद, शीव, कुरण, पड हे शब्द म्हणजे जमिनीच्या वापराचे जुने वर्गीकरणच होय. त्यांपैकी ‘गावठाण’ आणि ‘नाला’ हे तर इंग्रजी नियमावल्यांनीही जसेच्या तसे स्वीकारले आहेत.

शासकीय परिभाषा घडविण्याची आपली परंपरा लहान नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोश, बडोद्याचा 1931 चा सयाजीशासनशब्दकल्पतरू, आणि 1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश ही तिची ठळक स्थाने होत. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी अनिवार्य करणारा कायदाही 2022 मध्ये झाला. परंतु हे कोश मुख्यतः इंग्रजी (वा पूर्वी फारसी) शब्दास प्रतिशब्द देतात. शब्द ऐकून लोक काय समजतात, याची तपासणी करणे त्यांचे काम नव्हते. ते काम विद्यापीठीय विभागांचे आहे, आणि ते अवघडही नाही. प्रारूप योजनेतील पन्नास शब्द घ्यावेत, तीन-चार गावांत निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांना त्यांचा अर्थ विचारावा, आणि जेथे उत्तरे फाटतात तेथे खूण करावी.

अशी एक यादी आमच्या विभागात तूर्त तयार होत आहे. वाचकांनी आपापल्या गावातील लहान प्रवाह, पायवाटा, पडीक व सामाईक जमिनी यांस असलेली नावे कळवावीत. नावासोबत गाव व तालुका, सांगणाऱ्याचा व्यवसाय आणि ते नाव नकाशावर आहे किंवा नाही, एवढे लिहावे.