पन्नास वेळा मेरिलिन

केस पिवळेधमक, पापण्यांवर निळा रंग थापलेला, ओठ लालभडक आणि कांती एखाद्या मिठाईच्या डब्याला शोभावी अशी गुलाबी! असा एका बाईचा नुसता चेहरा. ना खांदे, ना हात. चित्र चाळीस इंच लांब आणि चाळीस इंच रुंद, म्हणजे घरातल्या कॅरमच्या बोर्डाहून थोडे मोठे. न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज या लिलावघरात 9 मे 2022 रोजी या चित्रावर हातोडा पडला, आणि वर्तणावळ धरून किंमत झाली साडेएकोणीस कोटी डॉलर. त्या दिवशीच्या दराने सुमारे दीड हजार कोटी रुपये! विसाव्या शतकातल्या कोणत्याही कलाकृतीला लिलावात तोवर एवढा भाव आला नव्हता.

हा आकडा ऐकून आपल्याकडल्या कोणाही सुजाण गृहिणीच्या मनात पहिला प्रश्न येईल तो असा, की एवढे त्यात आहे तरी काय? प्रश्न अगदी रास्त आहे. कारण हा चेहरा चित्रकाराने समोर बसवून रंगविलेला नाही. तो एका छायाचित्रावरून उतरविलेला आहे, आणि तोही छापून!

चित्रकाराचे नाव अँडी वॉरहॉल. चेहरा मेरिलिन मन्रो या नटीचा. मौज अशी, की ही दोन्ही नावे मूळची नव्हेत. वॉरहॉल हा खरा वॉरहोला. त्याचे आईबाप आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा नावाच्या खेड्यातून पोटासाठी अमेरिकेत आले आणि पिट्सबर्ग या धुराने काळवंडलेल्या पोलादनगरीत राहिले. बाप अंगमेहनतीची कामे करी. 1928 साली जन्मलेला अँडी हा तीन भावांतला धाकटा, आणि प्रकृतीने नाजूक. लहानपणी त्याला हातपाय आपोआप झटके देत राहणारा एक विकार जडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणात काढावे लागले. आई ज्यूलिया उशाशी बसे. रंग भरायच्या वहीतले एक पान पुरे झाले की ती माउली चॉकलेटची एक वडी बक्षीस देई! तिथेच पडल्या पडल्या हे पोर सिनेनटांची छायाचित्रे जमवू लागले. रविवारी आईबरोबर चर्चमध्ये जावे, तर तिथे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेप्रमाणे अख्ख्या भिंतीवर संतांच्या प्रतिमा ओळीने मांडलेल्या: समोरून पाहणारे, निश्चल, सोनेरी पार्श्वभूमीचे चेहरे. एकीकडे नटनट्यांची चित्रे, दुसरीकडे संतांची. पुढे त्याच्या हातून जे घडले त्याची सारी सामग्री मला तरी या दोन ढिगांत दिसते.

1942 साली बाप वारला. पण या मुलाच्या शिक्षणासाठी गाठीला पैसा ठेवून वारला. त्या पुंजीवर अँडी चित्रकलेचा पदवीधर झाला आणि 1949 मध्ये न्यूयॉर्कला येऊन जाहिरातींची चित्रे काढू लागला. बायकांच्या पादत्राणांच्या त्याच्या चित्रांना मोठी मागणी होती. 1952 साली ज्यूलियाबाई मुलाकडे राहायला आल्या त्या जवळजवळ वीस वर्षे राहिल्या. त्यांचे वळणदार, थोडे चुकतमाकत लिहिलेले इंग्रजी अक्षर मुलाला इतके आवडे, की आपल्या चित्रांवरचा मजकूर तो त्यांच्याकडूनच लिहून घेई.

आता दुसऱ्या नावाकडे वळू. 1926 साली लॉस एंजेलिसमध्ये एक मुलगी जन्मली, तिचे नाव नॉर्मा जीन. बापाचा पत्ता नाही, आई वेडाच्या इस्पितळात. पोर कधी परक्यांच्या घरी तर कधी अनाथालयात वाढले. सोळाव्या वर्षी लग्न झाले. युद्धकाळात ती कारखान्यात काम करीत असता एका लष्करी छायाचित्रकाराने तिला टिपले आणि नशिबाची चाके फिरली. 1946 साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रसंस्थेने तिच्याशी करार केला. नाव बदलले, केसांचा रंगही बदलला. जो चेहरा पुढे साऱ्या जगाने ओळखला तो असा घडविलेला होता. ‘नायगारा’ या 1953 सालच्या बोलपटाच्या जाहिरातीसाठी जीन कॉर्नमन या छायाचित्रकाराने तिचा एक फोटो काढला. अशा शेकडो फोटोंपैकीच तो एक.

1962 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉलचे पहिलेच मोठे प्रदर्शन भरले. त्यात होते काय? तर कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रे! लोकांनी यथेच्छ थट्टा केली. हे प्रदर्शन संपले 4 ऑगस्टला. आणि त्याच शहरात त्याच रात्री झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने मेरिलिन मन्रो मरण पावली. वय अवघे छत्तीस. दोनच महिन्यांपूर्वी त्याच चित्रसंस्थेने तिला कामावरून काढून टाकले होते.

बातमीनंतर थोड्याच दिवसांत वॉरहॉलने तो ‘नायगारा’चा फोटो मिळविला आणि कामाला लागला. रीत साधीच होती, आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी फलक छापतात तीच. चौकटीवर ताणलेल्या तलम कापडाला प्रकाशाने कडक होणारे रसायन फासावयाचे, त्यावर फोटोची मोठी पारदर्शक प्रत ठेवून उजेड पाडावयाचा आणि मग धुवायचे. जिथे प्रकाश पोचला नाही तिथले रसायन धुऊन जाते, तिथली छिद्रे मोकळी होतात. शाई ओतून रबराच्या पट्टीने ओढली की खालच्या कॅनव्हासवर चेहरा उमटला! त्याआधी केस, पापण्या, ओठ यांच्या जागी वॉरहॉल हाताने सपाट रंग देऊन ठेवी. वरून पडणारा काळा छाप कधी नेमका बसे, कधी सरके. मग लाली ओठांबाहेर जाई. दुसऱ्या कोणी असे कॅनव्हास फेकून दिले असते; याने मुद्दाम ठेवले. मला तर त्या सरकलेल्या लालीतच नॉर्मा जीन क्षणभर दिसते. रंग चेहऱ्याचा नसून चेहऱ्यावर चढविलेला आहे, हे तिथे उघडे पडते.

त्या वर्षातले एक मोठे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. दोन फळ्यांवर मिळून एकच चेहरा पन्नास वेळा. डावीकडचे पंचवीस झगझगीत रंगांत, उजवीकडचे पंचवीस नुसत्या काळ्या शाईत. डावा भाग पाहून सिनेमाच्या भित्तिपत्रकांची आठवण होते आणि माणूस हसून पुढे जाऊ पाहतो. पण उजवीकडे एका रांगेत शाई इतकी साचली आहे, की चेहरा जवळजवळ बुजलाच. आणि पुढे ती कमी कमी होत जाऊन अखेरीस नुसती सावली उरते. दीड हजार कोटींचे चित्र देखणे आहे खरे, पण माझ्या मते वॉरहॉलने त्या बाईविषयी जे काही म्हणावयाचे होते ते या फिकट होत जाणाऱ्या रांगांत म्हटले आहे. शोक म्हणावा तर डोळ्यांत पाणी नाही, व्यापार म्हणावा तर इतकी निर्जीव प्रत कोण विकेल?

सोनेरी कॅनव्हासच्या मधोमध एकटाच लहानसा चेहरा असलेले एक चित्रही त्याने त्याच साली केले. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पिट्सबर्गच्या चर्चमधली ती संतांची भिंत इथे आठवल्याखेरीज राहत नाही.

लिलावातले चित्र 1964 सालचे. त्या आकाराच्या पाच मेरिलिन त्याने वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर केल्या. ‘फॅक्टरी’ या त्याच्या कार्यशाळेत डोरोथी पॉडबर नावाची एक बाई आली आणि भिंतीशी रचलेल्या चित्रांकडे बोट दाखवून विचारती झाली, मी शूट करू का? इंग्रजीत फोटो काढणे आणि गोळी झाडणे या दोहोंना एकच क्रियापद! वॉरहॉल समजला फोटो. त्याने होकार दिला. बाईंनी हातमोजे काढले, पिस्तूल बाहेर काढले आणि मेरिलिनच्या कपाळाच्या रोखाने गोळी घातली. चार वर्षांनी, 3 जून 1968 रोजी, व्हॅलरी सोलानास या दुसऱ्या बाईने खुद्द वॉरहॉलवरच गोळ्या झाडल्या. तो मरता मरता वाचला. 1987 साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो वारला.

पण मूळ फोटो काढणाऱ्याचे काय? मेरिलिनच्या बाबतीत हा तंटा कोर्टात गेला नाही, परंतु दुसऱ्या एका चित्राच्या निमित्ताने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो आलाच. गायक प्रिन्सचा 1981 साली काढलेला फोटो छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांचा. 1984 मध्ये एका मासिकाने तो एकदाच वापरण्याची परवानगी घेतली. वॉरहॉलने मात्र त्यावरून चित्रांची मालिकाच केली. 2016 साली प्रिन्सच्या निधनानंतर त्यांतले एक चित्र मासिकाने छापले, दहा हजार डॉलर वॉरहॉलच्या संस्थेला मिळाले आणि गोल्डस्मिथबाईंच्या हाती छदामही पडला नाही. 2023 मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. मला तो न्याय्य वाटतो.

‘नायगारा’चा तो फोटो आज पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात जपून ठेवला आहे. त्यात गळ्यामागे बंद असलेला पोशाख घातलेली मेरिलिन आहे, तिचे उघडे खांदे आहेत. आणि त्या सगळ्यावरून चित्रकाराने आखलेल्या रेघा आहेत, कुठून कापावयाचे ते दाखविणाऱ्या. खालची रेघ बरोबर गळ्याशी आहे.