पाळीव मांजरांची ओळखचिन्हे : गळपट्टा व मायक्रोचिप ह्यांची निवड

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा उंदरांच्या सभेपुढील प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न उंदरांचा नसून मांजर पाळणाऱ्यांचा व त्यांना सल्ला देणाऱ्या पशुवैद्यांचा आहे. मांजराच्या गळ्यात काय बांधावे, कातडीखाली काय घालावे, आणि ह्या दोहोंपैकी कोणते साधन कोणत्या प्रसंगी उपयोगी पडते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांत तो किरकोळ नाही, हे कृष्णा-वारणेच्या पुरांनी दाखवून दिले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते; ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा वेळी गाईम्हशी दाव्याने बांधून उंचावर नेता येतात. मांजर मात्र माळ्यावर अथवा पत्र्यावर चढून बसते, हाती लागत नाही, आणि पाणी ओसरल्यावर भलत्याच आळीत सापडते. ते कोणाचे, हे ते स्वतः सांगू शकत नाही. आणि सापडवणाऱ्यालाही त्याचा उलगडा होण्यास काही साधन नसते.

१. खुणांचे तीन प्रकार

जनावरांवरील खुणांचे कार्य पाहता त्यांचे तीन वर्ग पडतात, आणि त्यांची गल्लत झाल्यानेच पुष्कळसे गैरसमज निर्माण होतात.

पहिला वर्ग स्वामित्वचिन्हांचा. मेंढ्यांच्या कानाला ठरावीक काप देणे, पाठीवर रंगाचा पट्टा ओढणे, गुरांना डाग देणे, ही सर्व ह्या वर्गात येतात. माण, आटपाडी, जत ह्या कोरड्या भागांतून कळप घेऊन हिंडणाऱ्या मेंढपाळाला प्रत्येक मेंढीचे नाव नको असते. दोन कळप मिसळले तर आपली मेंढी कोणती, एवढेच त्यास कळले म्हणजे पुरे.

दुसरा वर्ग स्थितिचिन्हांचा. मोकाट मांजरावर निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झाली म्हणजे भूल असतानाच त्याच्या एका कानाचे टोक छाटण्याची पद्धत आहे. त्यावरून ‘ह्या मांजराची शस्त्रक्रिया झाली आहे’ हे दुरूनच कळते व त्यास पुन्हा पकडण्याचा त्रास वाचतो. परंतु ते कोणाचे व कोणते, हे त्या खुणेवरून कळत नाही.

तिसरा वर्ग व्यक्तिचिन्हांचा. येथे एका जनावराला एकच क्रमांक असतो व तो दुसऱ्या कोणत्याही जनावराला नसतो. खरसुंडी किंवा पुसेगावच्या बाजारात आज खिलार बैलाच्या कानात जो बारा आकडी पिवळा बिल्ला दिसतो, तो ह्या वर्गातला. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाबरोबर तो सर्वत्र पसरला, आणि १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर महाराष्ट्रात बंधन आले. ह्या बिल्ल्याचे खरे बळ प्लास्टिकमध्ये नसून त्यामागे असलेल्या देशव्यापी नोंदवहीत आहे, हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

मांजराच्या बाबतीत गळपट्टा हे प्राधान्याने स्वामित्वचिन्ह होय, तर मायक्रोचिप हे व्यक्तिचिन्ह होय. म्हणून ‘ह्या दोहोंत चांगले कोणते’ असा प्रश्न विचारणे सयुक्तिक नाही. दोहोंची कामे भिन्न आहेत.

२. गळपट्टा

गळपट्ट्याचा मोठा गुण असा की, तो वाचण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. आपल्या गावठाणांत एकच मांजर तीन घरी दूध पिते व प्रत्येक घरी त्याचे नाव निराळे असते. अशा मांजराच्या गळ्यात पट्टा दिसला की, ते बेवारस नाही, एवढा बोध शेजाऱ्यास तत्काळ होतो.

त्याचा दोष असा की, मांजर हे चढणारे, शिरणारे व उड्या मारणारे जनावर आहे. घट्ट व न सुटणारा पट्टा फांदीत, खिळ्यात किंवा कुंपणाच्या तारेत अडकला, तर मांजर लटकून गुदमरू शकते. आणि सैल पट्ट्यात पुढचा पाय किंवा खालचा जबडा अडकून काखेत अथवा तोंडात खोल जखमा होतात. सुतळी अथवा काळा दोरा बांधण्याची आपल्याकडील रीत ह्या दृष्टीने सर्वांत धोक्याची. कारण दोरा तुटत नाही, ताणत नाही, आणि पिलू वाढले तरी तो वाढत नाही.

ह्यावर उपाय म्हणून ओढ बसताच ज्याची कडी आपोआप सुटते असा पट्टा प्रचारात आला आहे. विकत घेताना कडी हाताने ओढून पाहावी. मांजराच्या वजनाइतक्या ओढीने ती सुटत नसेल, तर केवळ वेष्टनावर ‘सुरक्षित’ असे छापलेले असल्याने भागत नाही. पट्टा व मान ह्यांच्यामध्ये दोन बोटे जेमतेम शिरावीत, आणि वाढत्या पिलाचा पट्टा दर आठवड्यास तपासावा.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लिंडा लॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३८ मांजरांना तीन प्रकारचे पट्टे बांधून सहा महिने निरीक्षण केले व ते २०१० साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ३९१ मांजरांनी, म्हणजे शेकडा ७२.७ मांजरांनी, पट्टा यशस्वी रीतीने वागविला. १८ मांजरांचा, म्हणजे शेकडा ३.३ मांजरांचा, पाय, जबडा अथवा पट्टा कोठेतरी अडकला. मांजर गळ्यात काही ठेवूच देत नाही, हा समज ह्या आकड्यांनी बव्हंशी खोटा ठरतो. त्याबरोबरच धोका शून्य नाही, हेही दिसते.

पट्ट्यावर मांजराचे नाव लिहिण्यापेक्षा दोन दूरध्वनी क्रमांक लिहावेत. जतसारख्या तालुक्यात मराठीबरोबर कानडीही बोलली व वाचली जाते. म्हणून अक्षरांहून आकडे श्रेयस्कर. क्रमांक लोंबत्या पदकावर कोरण्यापेक्षा पट्ट्यावरच विणून अथवा पक्क्या शाईने लिहून घेतला, तर अडकण्याचे एक कारण कमी होते.

३. मायक्रोचिप

मायक्रोचिप म्हणजे साधारण तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड अशी, शरीराशी जुळणाऱ्या काचेची नळी होय. तिच्यात फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेले तांब्याचे वेटोळे, एक धारित्र व एक अतिसूक्ष्म मंडल असते. विद्युत्‌घट नसतो. वाचक यंत्र आपल्याभोवती प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. ते वेटोळ्यातून जाताच फॅरडेच्या नियमानुसार त्यात विद्युत्प्रवाह उद्‌भवतो, मंडल जागे होते आणि आपला क्रमांक परत कळविते. यंत्र दूर नेले की ते पुन्हा निद्रिस्त होते. ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, घट नसल्याने ती ‘संपत’ नाही. दुसरी, काही सेंटिमीटरांच्या पलीकडे ती मुकी असते. हरवलेले मांजर कोठे आहे, हे ती सांगू शकत नाही. उपग्रहाच्या साहाय्याने स्थान दाखविणारी साधने निराळी. त्यांना घट लागतो व ती गळपट्ट्यावरच बसवावी लागतात.

क्रमांकाची रचना आय.एस.ओ. ११७८४ व संभाषणाची पद्धत आय.एस.ओ. ११७८५ ह्या १९९६ च्या मानकांनी ठरविली आहे. वारंवारता १३४.२ किलोहर्ट्झ. एकूण ६४ बिटांपैकी १० बिट देशाच्या अथवा उत्पादकाच्या संकेतांकास व ३८ बिट जनावराच्या क्रमांकास दिलेले आहेत. ३८ बिटांत २७,४८७ कोटींहून अधिक निरनिराळे क्रमांक बसतात. म्हणजे क्रमांक अपुरे पडण्याची भीती नाही. वाचक यंत्रावर पंधरा आकडे उमटतात. पहिले तीन आकडे भारताच्या बाबतीत ३५६ असू शकतात. परंतु देशाचा संकेतांक वापरावयाचा तर क्रमांकांची द्विरुक्ती होणार नाही, ह्याची हमी त्या देशातील अधिकृत यंत्रणेने द्यावी लागते. अशी यंत्रणा नसेल तेथे ९ ह्या आकड्याने सुरू होणारे उत्पादकांचे संकेतांक वापरतात. ९९९ हा संकेतांक केवळ चाचणीसाठी आहे. तो दिसल्यास ती चिप मांजरास घालू नये. १२५ किलोहर्ट्झच्या, नऊ वा दहा आकडी जुन्या चिपाही आढळतात. त्या सर्व वाचक यंत्रांना वाचता येत नाहीत.

चिप जाड सुईने दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. भूल देण्याची गरज सहसा नसते. घालण्यापूर्वी वेष्टनातच ती वाचून पाहावी, मांजराच्या अंगात आधीची चिप नाही ना ते तपासावे, आणि घातल्यावर पुन्हा वाचावी. ती कातडीखाली सरकू शकते. म्हणून वाचताना केवळ खांद्यांमध्ये न पाहता मान, दोन्ही बाजू व पुढचे पाय ह्यांवरून यंत्र सावकाश फिरवावे. चिपेच्या जागी गाठ उद्‌भवल्याची उदाहरणे मांजरांत नमूद आहेत, पण ती अत्यंत विरळ आहेत. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी तपासलेल्या ४७८ चिपांपैकी ४७७ चालू होत्या.

४. आजोबाची साक्ष

गळपट्टा व चिप ह्यांच्या कार्यातील भेद दाखविणारे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे, आणि तेही मार्जारकुलातल्याच एका प्राण्याचे. २००९ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास उपग्रहाशी जोडलेला गळपट्टा बांधला, चिपही घातली, आणि त्यास माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ ह्या नावाने तो प्रसिद्ध झाला. गळपट्ट्यामुळे त्याचा मुंबईपर्यंतचा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास कळला. पुढे गळपट्ट्याकडून माहिती येणे थांबले. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईलगतच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मरण पावला; तो आजोबाच, हे कळले ते केवळ चिपेमुळे.

गळपट्टा जिवंतपणी बोलका असतो, पण तो टिकत नाही. चिप टिकते, पण विचारल्याशिवाय बोलत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा व कऱ्हाडवरून जातो, आणि त्यावर मेलेल्या मांजरांची चौकशी कोणी करीत नाही. मालक मात्र महिनोन्‌महिने दाराशी वाटी भरून ठेवतो. अशा मालकास निश्चित उत्तर देणे, हेही ओळखचिन्हाचे एक काम आहे.

निसर्गदत्त खुणांचाही विसर पडू नये. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघांची ओळख छायाचित्रांतील पट्ट्यांवरून पटविली जाते. कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, इतकेच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही सारखे नसतात. पट्टेरी अथवा ठिपकेदार मांजरास हेच लागू आहे. म्हणून दोन्ही कुशींची स्वच्छ छायाचित्रे काढून ठेवावीत. त्यांस खर्च काहीच नाही.

५. क्रमांक व नोंद

लॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतील प्राणी-आश्रयगृहांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, चिप नसलेल्या मांजरांपैकी शेकडा १.८ मांजरे मालकांकडे परत गेली, तर चिप असलेल्यांपैकी शेकडा ३८.५. हा फरक सर्वस्वी चिपेचा मानणे मात्र चुकीचे ठरेल. जो मालक चिप घालतो, तो शोधही अधिक करतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, अशांपैकी शेकडा ३५.४ जनावरांच्या बाबतीत नोंदलेला दूरध्वनी क्रमांक चुकीचा अथवा बंद होता. म्हणजे साधन शाबूत होते. नोंद मेली होती.

आपल्याकडील अडचण नेमकी येथेच आहे. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांहून मोठ्या पाळीव मांजरांना चिप व तिची नोंद सक्तीची झाली. आपल्याकडे गुरांच्या बिल्ल्यामागे जशी एक सार्वत्रिक नोंदवही उभी आहे, तशी मांजराच्या चिपेमागे नाही. चिप घालणाऱ्या पशुवैद्याच्या दप्तरात क्रमांक राहतो, आणि मिरजेत घातलेल्या चिपेचा मालक कऱ्हाडच्या पशुवैद्याने कोठे शोधावा, हे अनुत्तरित राहते.

६. निवडीसंबंधी निष्कर्ष

बाहेर हिंडणाऱ्या मांजरास सहज सुटणारा गळपट्टा व चिप ही दोन्ही असावीत. पट्टा हरविणार हे गृहीत धरून दुसरा जवळ ठेवावा. सुटणारा पट्टा हरवला, तर त्याने आपले काम केले असे समजावे. केवळ घरात राहणाऱ्या मांजरास पट्टा नसला तरी चालेल, पण चिप असावी. कारण असे मांजर हरवते ते दार उघडे राहिल्याने, आणि त्या दिवशी पट्टा बांधलेला नसतो. मांजर युरोपात न्यावयाचे असल्यास मानकानुसारची चिप रेबीजच्या लसीपूर्वी घातलेली असली पाहिजे; क्रम उलटा झाल्यास लस पुन्हा द्यावी लागते. ज्यांस चिप परवडत नाही त्यांनी पट्टा, दोन छायाचित्रे व लसीकरणाची पुस्तिका एवढे तरी ठेवावे. चिप घातलेल्यांनी पंधरा आकडे पुस्तिकेत उतरवावेत, दूरध्वनी बदलताच पशुवैद्यास कळवावे, आणि दर वर्षी लसीच्या वेळी चिप वाचून घ्यावी.

ह्यापुढचे काम व्यक्तीचे नसून संस्थांचे आहे. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय व दोन्ही जिल्ह्यांतील पशुवैद्यक मिळून एक सामायिक नोंदवही ठेवू लागले, आणि पुराच्या काळात प्रत्येक निवारा-केंद्रावर एक वाचक यंत्र पोहोचले, तर चिपेचे पंधरा आकडे सार्थ होतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसही येथे हाताशी येण्याजोगे विषय आहेत : दवाखान्यात येणाऱ्या मांजरांपैकी किती जणांवर कोणते तरी ओळखचिन्ह असते; गावठाणातील मांजराचा वावर किती घरांपर्यंत असतो; आणि एका मांजरास आपले म्हणणारी घरे किती. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकाहून अधिक येण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणून नोंदवहीत मालकाच्या नावासाठी एकच रकाना ठेवू नये, एवढी सूचना आताच करावीशी वाटते.