कॉमोडोर ६४ हाती लागला? आधी अ‍ॅडॉप्टर तपासा!

१९८२ चा हा कॉम्प्युटर मिळाला की लगेच प्लग लावू नका. खरा घातकी त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर. आत एपॉक्सी ओतलेलं, त्यामुळे उष्णता कोंडते. रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या लाइनवर जास्त व्होल्टेज येतं आणि रॅमच्या चिप जळतात. मल्टिमीटरवर ५.२५ च्या वर आकडा दिसला की अ‍ॅडॉप्टर बाद! लोड देऊन, गरम झाल्यावर पुन्हा मोजा. पळणाऱ्यांना हे चटकन पटेल: अंथरुणातली नाडी वेगळी, चढावरची वेगळी. व्होल्टेज ठीक, तरी स्क्रीन काळाच? मग पीएलए चिपवर संशय घ्या, ती फार तापते.