उतरते विमान आणि खवळलेली हवा

मुंबई-गोवा रस्त्याने सुकेळी खिंड उतरून खांबकडे येणारा एस. टी. ड्रायव्हर पावसाळ्यात खड्डे दिसताच गाडी हळू करतो. अगदीच वेळ आली तर तो ती उभी करील. विमानाच्या चालकाला ही सोय नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि विमान आपल्या रायगडकरांच्या दाराशी आले. तेव्हा त्याच्या चालकाची ही अडचण समजून घेणे अप्रस्तुत होणार नाही असे आम्हांस वाटते.

विमान तरते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या बळावर. वेग फार उतरला, की तेवढाच भार पेलण्यासाठी पंखांना हवेशी अधिक कोन करावा लागतो. तो मर्यादेपलीकडे गेला म्हणजे प्रवाह पंखाला सोडतो आणि उचल ढासळते. मग वेग भरपूर ठेवावा, असे कोणी म्हणेल. पण वेग दुप्पट असला तर खालून येणारा तोच झोत पंखांना सुमारे दुप्पट हिसका देतो. यांतला मध्यम वेग कारखानदारानेच ठरवून दिलेला असतो. बोइंग ७३७-८०० साठी तो २८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५१९ किलोमीटर आहे. १५,००० फुटांखाली, वजन उतरण्याच्या मर्यादेत असल्यास, २५० नॉटही चालतो.

१ मे २०२२ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, याच जातीचे एक विमान मुंबईहून दुर्गापूरला निघाले. उतरताना ते प्रचंड खळबळीत सापडले. भार एकदा वजनाच्या २.६४ पट झाला, तर एकदा उलट दिशेने १.३६ पट! स्वयंचालक यंत्रणा सुटली व दोन मिनिटे विमान हातांनी चालवावे लागले. १४ प्रवासी व ३ कर्मचारी जखमी झाले. या आकड्यांचा अर्थ पाहा. उचल ढासळण्याचा वेग भाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. शांत हवेत तो ताशी २०० किलोमीटर धरला, तर २.६४ पट भाराखाली ३२५ होतो. आणि उलट भाराच्या क्षणी पट्टा न बांधलेला ६० किलोंचा माणूस छताला सुमारे ८२ किलोंच्या जोराने दाबला जातो.

उतरतानाची खरी पंचाईत निराळीच आहे. इंजिने आधीच मंद केलेली असतात, त्यामुळे वेग वाढला तर आणखी मंद काय करणार? पंखांवरच्या वेगरोधक झडपा तेवढ्या उरतात. शिवाय झोतांमुळे वेगमापकाचा काटा नाचू लागतो. त्याच्यामागे धावून इंजिनाचा जोर क्षणोक्षणी कमी-अधिक करणारा चालक गोंधळ वाढवितो, कारण इंजिनाला प्रतिसाद द्यायला काही सेकंद लागतात. तोवर झोत निघून गेलेला असतो. म्हणून विमानाचा कल स्थिर धरावयाचा, जोर बेताचा ठेवावयाचा आणि वेग व उंची थोडी हलली तर हलू द्यावयाची. हे ऐकायला सोपे आहे. हात आवरणे मात्र कठीण. जाणता चालक रडारवर ढग दिसताच त्याला वळसा घालू पाहतो, आणि ते न साधल्यास आत शिरण्यापूर्वीच वेग ठरल्या आकड्यावर आणून पट्ट्यांचा दिवा लावतो.