सॉक-सेव्हन

पहाटे ५:४५
डबा भरून चांदणी चौकात कॅबची वाट बघते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे बारा वाजले की पुण्यात सकाळचे साडेनऊ होतात, आणि क्लायंट तिकडचा, म्हणून आमचं काम त्या मध्यरात्रीला बांधलेलं. १९९८ साली मी कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. वर्ष दोनच आकड्यांत लिहिल्याची धास्ती होती, कोबोलवाल्यांना धडाधड नोकऱ्या मिळत होत्या. २००० उजाडून गेलं, मागणी ओसरली, बरोबरचे बहुतेक जावाकडे वळले. मी राहिले.

७:००
हिंजवडी. रात्रपाळीकडून हँडओव्हर. शेजारी सांगलीचा मुलगा बसतो, आठ महिन्यांपूर्वी लागलेला. कॉलेजात पायथन शिकला, ट्रेनिंगनंतर वाट्याला मेनफ्रेमवरचं कोबोल आलं. त्या दिवशी त्याने घरी फोनसुद्धा केला नव्हता.

९:३०
बॅच सुरू: हिशेबाचे जॉब एकामागून एक.

१०:२०
जॉब पडला. सॉक-सेव्हन: आकडा हवा तिथे भलतंच काही आलं आणि हिशेब अडला. "ऑफसेट काढ," मी म्हटलं. डंप आणि कंपाइल लिस्टिंग शेजारी ठेवून त्याने नेमकी ओळ शोधली, मग फाइलमधला रेकॉर्ड. रकमेच्या रकान्यात शून्यांऐवजी मोकळ्या जागा. फाइल दुसऱ्या सिस्टिममधून आलेली. क्लायंटला विचारून रेकॉर्ड बाजूला काढला, त्याच स्टेपपासून जॉब पुन्हा लावला. चाळीस मिनिटं गेली. प्रोग्रॅमच्या माथ्यावर तारीख होती १९८७ ची. इतक्या वर्षांपूर्वी लिहिलेला हिशेब आजही सेंटपर्यंत जुळतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

१:००
जेवताना त्याने विचारलं, "मॅम, टियोबीच्या यादीत कोबोल किती खाली आहे, बघितलंत?"

ती यादी सर्च इंजिनांवर भाषेच्या नावाने किती निकाल येतात यावरून लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन तिथे पहिल्यांदा अव्वल आला. बँकांत रोज किती जुना कोड चालतो, हे तिच्यात मोजलं जात नाही. एप्रिल २०२० मध्ये कोबोलवर चालणाऱ्या सिस्टिमवर बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्यांना मदतीला या म्हणून जाहीर हाक दिली होती.

तरी त्याची भीती खरी आहे, आणि मी ती उडवून लावली नाही. कोबोलची नोकरी सहसा जात नाही, पण बदलायची म्हटली तर मालक मोजके: बँका, विमा कंपन्या, काही सरकारं. सांगलीला जाऊन करता येईल असं हे काम नाही. पायथनवाल्याला दारं पुष्कळ, प्रत्येक दारासमोर रांग मात्र लांब.

"पायथन सोडू नकोस," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी तासभर बस. आणि इथे व्याज कसं लावतात ते नीट समजून घे. हा प्रोग्रॅम उद्या जावात गेला, तरी ते कुणाला तरी माहीत असावं लागेल."

३:३०
बॅच वेळेत संपली.

४:१०
"फाइल आधीच तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहू का? पायथनमध्ये?"

मेनफ्रेमवर पायथन चालतो, पण आमच्याकडे टाकलाय का, ते विचारावं लागेल. उद्या विचारते म्हटलं. कॅबसाठी उठले तेव्हा तो कागदावर रकाने मोजत होता: रक्कम ४१ पासून ४९ पर्यंत.