छतावरची सौर वीज : कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

सध्या गटाच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, घरावर सोलर बसवायचं म्हणतोय, गटातून किती कर्ज काढू?" विचारणारीच्या हातात कोटेशनचा कागद असतो. त्यातून अनुदान वजा केलं की उरलेली रक्कम म्हणजे आपला खर्च, असा हिशोब तिनं मनाशी केलेला असतो. तो अर्धाच हिशोब आहे. उरलेला अर्धा आज आपण मांडू या.

आधी योजना थोडक्यात. केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,०००. त्याच्या वर अनुदान वाढत नाही. अनुदानासाठी पॅनल भारतात बनवलेलेच लागतात आणि काम नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच करून घ्यावं लागतं.

किती किलोवॉट घ्यायचं, हे शेजारणीच्या छपराकडे बघून ठरवू नका. आपल्या वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट जमवा. एक किलोवॉट आपल्या भागात दिवसाला साधारण चार युनिट, महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतो. महिन्याला नव्वद-शंभर युनिट जाळणाऱ्या घराला तीन किलोवॉटची गरज नाही. अनुदान जास्त मिळतं म्हणून मोठा संच घेतला, तर कर्जही मोठंच होतं.

आता कोटेशनबाहेरचे खर्च एकेक करून पाहू.

पहिला खर्च कागदांचा. अनेक घरांत मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असतं. अर्ज ग्राहकाच्या नावानं होतो आणि अनुदान त्याच्या बँक खात्यात येतं. त्यामुळे आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यावं लागतं. घराचा उतारा, वारसांची संमती, झेरॉक्स, तालुक्याला हेलपाटे, बुडालेली मजुरी, हे सगळं खर्चात धरा. नाव बदलायचंच आहे, तर ते घरातल्या बाईच्या नावावर करता येईल का, हेही त्याच वेळी घरात बोलून घ्या.

दुसरा खर्च छताचा. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. स्लॅब गळका असेल तर आधी दुरुस्ती करा. पॅनल बसल्यावर त्यांच्याखाली काम करणं अवघड जातं. पत्र्याचं घर असेल तर खालचे अँगल गंजलेत का ते तपासून घ्या. वळवाच्या वादळात पॅनलवर वाऱ्याचा मोठा जोर येतो. आणि आपल्या बायकांचा खास मुद्दा, कुरडया, पापड, डाळी वाळवायच्या कुठं? खाली जागा मोकळी राहावी म्हणून सांगाडा उंच करायचा तर लोखंड वाढतं आणि पैसेही वाढतात. कोटेशनमध्ये सांगाड्याची उंची किती फूट धरली आहे, हे विचाराच.

तिसरा खर्च तारा आणि अर्थिंगचा. छतापासून मीटरपर्यंत ठराविक फूट केबल कोटेशनमध्ये असते, पुढच्या प्रत्येक फुटाचे पैसे वेगळे. वस्तीवरच्या घरात मीटर लांब खांबावर असलं तर हा आकडा फुगतो. वीज पडण्यापासून बचाव आणि अर्थिंगचे खड्डे यांची मजुरी कोणाकडे, तेही लिहून घ्या. घरातलं वायरिंग जुनं असेल तर ते बदलण्याचा खर्च तुमचाच.

चौथा खर्च व्याजाचा. हा सहसा कोणीच धरत नाही. अनुदान आधी मिळत नाही. संच बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते खात्यात जमा होतं. विक्रेत्याला मात्र पूर्ण पैसे आधी द्यावे लागतात. मधल्या काळात अनुदानाएवढी रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. समजा ६०,००० रुपये गटातून शेकडा दोन रुपये महिना दरानं घेतले आणि अनुदान यायला तीन महिने लागले, तर ३,६०० रुपये व्याज झालं. या योजनेसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात आणि त्याचं व्याज गटापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून आधी बँकेत विचारा, गटाचा पैसा कमी पडेल तेवढ्यापुरताच घ्या.

आता उदाहरण मांडू. दोन किलोवॉटचं कोटेशन समजा १,३०,००० रुपयांचं आहे. अनुदान ६०,०००. बाई म्हणते, मला ७०,००० लागतील. आपण कोटेशनच्या दहा टक्के, म्हणजे १३,००० रुपये वरच्या खर्चाला धरू आणि ३,६०० रुपये व्याज धरू. शेवटी तिच्या पदरचे जाणार ८६,६००. पण काम सुरू असताना हातात लागणार १,४३,०००. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण पैसे कमी पडतात ते तिथंच, आणि मग बाई सावकाराच्या दारात जाते किंवा मंगळसूत्र गहाण पडतं.

बसवून झाल्यावरही थोडा खर्च राहतो. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. या योजनेत विक्रेत्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते, ती लेखी घ्या. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतात, पण इन्व्हर्टर त्याच्या आधी बदलावा लागतो. त्यासाठी दर महिन्याला वाचलेल्या बिलातले दोनशे रुपये वेगळे टाका. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार. पॅनल सकाळी गार असताना धुवा. बोअरच्या क्षारांच्या पाण्यानं पांढरे डाग पडतात, म्हणून शक्यतो पावसाचं किंवा गोडं पाणी वापरा.

आणखी एक गोष्ट पैसे देण्याआधी नीट समजून घ्या. नेट मीटरचा साधा संच लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी सोय केलेली असते. भारनियमनातही पंखा चालायला हवा असेल तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो. तो खर्च मोठा असतो आणि त्यामुळे अनुदान वाढत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं हिवरेबाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. गावात पाणी किती आहे ते आधी मोजतात, पिण्याचा वाटा बाजूला काढतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. घरच्या पैशालाही हीच रीत लावा. मुलांची फी, दवाखाना आणि खरिपाचं बियाणं यांचा वाटा आधी बाजूला काढा, आणि उरलेल्यात सौरचा हिशोब बसतो का ते बघा. यंदा बसत नसेल तर पुढच्या वर्षी करा. ऊन कुठं पळून जात नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांना संच बसवायचा आहे त्यांनी किमान दोन विक्रेत्यांची कोटेशनं आणावीत. गटानं ती शेजारी ठेवून मोठ्यानं वाचावीत आणि विचारावं : जीएसटी धरला आहे का, सांगाडा किती उंच, केबल किती फूट, अर्थिंग कोणाचं, पाच वर्षांची देखभाल लिहिली आहे का, अनुदान येईपर्यंतचे पैसे कुठून येणार? सगळी उत्तरं कागदावर आली, की मगच कर्जाच्या अर्जावर सही करा.