पात्राची बढती आणि घरचे नियम



शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात आठवी-नववीची काही मुले-मुली फासे घेऊन बसतात, हे एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. हा जुगार तर नव्हे, असे दोन-तीन पालकांनी आम्हाला विचारले. त्याच सुमारास मुलांमध्येही एक वाद झाला. तो बढतीवरून होता. दोन्हींचा खुलासा एकत्रच करतो.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. खेळ बैठा, पण यात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि कोणी कोणाला हरवत नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. आमच्या सूत्रधार मुलीने कथेतला पडका किल्ला असीरगडावरून बेतला आहे. बाकीचे योद्धा, चोर, जादूगार अशी पात्रे घेतात आणि आपले पात्र आता काय करील ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पैशाचा संबंध कोठेच येत नाही.

पात्राला अनुभवाचे अंक मिळतात. (मुले 'एक्सपी' म्हणतात. आमचे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे गुणांनाही आम्ही अजून अंकच म्हणतो.) ठरावीक अंक जमले की पात्र वरच्या पायरीवर जाते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या पायरीला ३०० अंक लागतात, तिसरीला ९००, चौथीला २,७०० आणि पाचवीला ६,५००. अशा एकूण वीस पायऱ्या.

आता हे अंक कशाचे द्यायचे? खरी गंमत येथे आहे. सुरुवातीच्या नियमांत तळघरातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक अंक असे, आणि राक्षस मारण्याचे अंक त्यामानाने थोडे. साहजिकच खेळाडू लढाई टाळत, युक्तीने, दबक्या पावलांनी खजिना काढून आणत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचा हा नियम ऐच्छिक झाला. अंक मुख्यतः शत्रूला हरवण्याचे मिळू लागले, की तलवार आधी निघते. खेळ तोच, हिशेब बदलला की वागणे बदलते.

दुसऱ्या खेळांनी वेगळे मार्ग काढले. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये पायऱ्याच नाहीत. जे कौशल्य वापरून यश आले त्यापुढे खूण करायची आणि मागाहून शंभरातला फासा टाकायचा. आकडा आपल्या सध्याच्या कौशल्याहून जास्त आला तरच सुधारणा. म्हणजे नवशिक्याची प्रगती झपाट्याने, मुरलेल्याची मुंगीच्या पावलाने. २०१२ च्या डंजन वर्ल्डमध्ये तर फासा फसला की एक अंक मिळतो! आम्हाला शिक्षक म्हणून हा नियम फार आवडला.

कॅरमची राणी कशी घ्यायची यावर घरोघरी वेगळे नियम असतात, तसे बढतीचेही घरचे नियम असतात. आमच्या मुलांचा वाद असा झाला. एक मुलगा काही शनिवार येऊ शकला नाही. हरवलेल्या शत्रूचे अंक त्या वेळी हजर असलेल्यांत वाटले जातात, त्यामुळे त्याचा जादूगार तिसऱ्या पायरीवर राहिला आणि इतर पाचवीवर गेले. फरक दोनच पायऱ्यांचा दिसतो, पण पाचवीवर योद्ध्याला एका खेपेत दोन वार मिळतात आणि जादूगाराला अग्निगोळ्यासारखी मोठी विद्या. तिसरीवरच्याने मग नुसते बघत बसायचे. त्याने येणेच सोडले.

गैरहजर असणाऱ्याला अर्धे अंक द्यावेत असे काहींनी सुचवले. अंक मोजूच नयेत, कथेचा एक टप्पा पुरा झाला की सर्वांनी मिळून वर जावे, असे इतर म्हणाले. ही सोय पुस्तकातही दिलेली आहे. यावर एक मुलगी म्हणाली, "मी दर शनिवारी येते, मग मला काय मिळाले?" प्रश्न रास्त होता. अखेर मुलांनी ठरवले ते असे: बढती टप्प्याटप्प्याने आणि सर्वांची एकदम; मात्र वाटेत सापडलेल्या वस्तू, म्हणजे जादूची ढाल वगैरे, त्या दिवशी हजर असलेल्यांच्या. नवा खेळाडू इतरांच्याच पायरीवर सुरू करील. नियम बदलायचा तर कथा संपल्यावर, सर्वांच्या संमतीने, मध्येच नाही. हे सर्व त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सह्या केल्या आहेत. तो मुलगा पुन्हा येऊ लागला आहे.

घटक चाचणीत चांगले अंक मिळवणाऱ्याच्या पात्राला बढती द्यावी, अशी सूचना एका विश्वस्तांनी केली होती. हेतू चांगला होता, पण आम्ही ती मान्य केली नाही. गणितात कच्चा असलेल्या मुलाला या टेबलावर तरी प्रगतिपुस्तकाबाहेर राहता यावे, असे आम्हाला वाटते.

नवी कथा दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होईल. दोन जागा रिकाम्या आहेत. इच्छुकांनी वाचनालयात नाव द्यावे. पालकांना येऊन बसायचे असल्यास खुर्च्या आहेत.